ढगांतील वाट आणि डोंगराचा माथा

आकाश मोकळे असते, तेथे अडथळा कसला, असे आपणांस सहज वाटते. परंतु विमानाचा खरा कस आकाशात नव्हे, तर भूमीजवळ येताना लागतो. दाट ढगांत शिरलेल्या वैमानिकास ना धावपट्टी दिसते, ना डोंगर. त्याची सारी भिस्त समोरच्या उपकरणांवर आणि कागदावर आखून दिलेल्या वाटेवर असते.

या वाटेचे मोल महाराष्ट्राने फार दुःखाने जाणले आहे. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे विमान मुसळधार पावसात घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. ४५ जण दगावले. पुढे ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालिया कंपनीचे जेट विमान जुन्नरच्या डोंगराळ मुलखात कोसळले. मुंबई जवळ आली, या समजुतीने वैमानिकाने विमान खाली आणले. प्रत्यक्षात मुंबई सुमारे ८५ किलोमीटर दूर होती. सुमारे ३,६०० फूट उंचीच्या डोंगराच्या माथ्यानजीक ते आदळले आणि सर्व ९४ जण प्राणांस मुकले.

मग वाट आखावी कशी? आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांत अडथळ्याच्या माथ्यावर किती अंतर मोकळे हवे, हे ठरलेले आहे. उतरण्याच्या पहिल्या टप्प्यात ते ३०० मीटर, मधल्या टप्प्यात १५० मीटर, तर अखेरच्या टप्प्यात साधारणतः ७५ मीटर असते. धावपट्टी जवळ येते तसतशी मोकळीक आटते, आणि म्हणूनच तेथे हिशेब अधिक काटेकोर लागतो.

या हिशेबाची एक रीत १९८० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. आखलेल्या रेषेवरून प्रत्येक विमान तंतोतंत जात नाही. कोणी किंचित डावीकडे, कोणी किंचित खाली येते. अशा अनेक उतरणींची नोंद घेऊन हा फरक किती पडतो, ते पाहिले जाते. नंतर एकेका टेकडीची, मनोऱ्याची, इमारतीची जागा व उंची मांडून टक्कर होण्याची शक्यता काढतात आणि साऱ्यांची बेरीज करतात. ही बेरीज एका उतरणीमागे एक कोटीत एकाहून अधिक होता कामा नये.

दररोज ५०० विमाने उतरणाऱ्या विमानतळावर एक कोटी उतरणी होण्यास सुमारे ५५ वर्षे लागतील. म्हणजे हे बंधन निरर्थक कडक नव्हे. माणसाच्या एका आयुष्याच्या मापाचेच आहे. बेरीज जास्त आली, तर अडथळा हटवावा लागतो. नाही तर ज्या उंचीखाली धावपट्टी दिसल्याविना उतरू नये, ती उंची वाढवावी लागते. मग धुक्याच्या दिवशी अधिक विमाने माघारी वळतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, ती उगाच नव्हे.

विमानतळाभोवतीच्या घरांना उंचीची मर्यादा घातली की मालकांस तो जुलूम वाटतो. आमच्या इच्छापुरास देवीची टेकडी आहे, उत्तरेस सातपुडा आहे. डोंगरांचा आम्हांस अभिमान आहे. पण डोंगर निसर्गाने उभा केला, त्याला चुकवून वाट काढता येते. माणसाने लोभापायी चढवलेला मजला मात्र आखलेल्या वाटेतच उभा राहतो. परगावी, परदेशी गेलेली आपली मुलेबाळे त्याच वाटेने घरी येतात, याचा विचार मजला चढवणाऱ्याने आधी करावा.