अमर चित्रकथावाले अंकल पै: लाखो मुलांना पुराण सांगणाऱ्या माणसाचं मोठेपण आणि मर्यादा

डोळे मिटून कृष्ण आठवून बघा. निळा रंग, गोबरे गाल, डोक्यावर मोरपीस. आता राक्षस आठवा. काळाकभिन्न, आडदांड, सुळे बाहेर आलेला.

ही चित्रं आपल्या डोक्यात कुठून आली? कॅलेंडरमधून आली, सिनेमातून आली, टीव्हीवरच्या मालिकांमधून आली. पण ज्यांच्या घरी सुट्टीत 'अमर चित्रकथा'चा गठ्ठा असायचा, त्यांच्याकडे ती बहुतेक एका माणसाच्या टेबलावरून आली. तो माणूस म्हणजे अनंत पै, म्हणजेच मुलांचे 'अंकल पै'.

पैंबद्दल सोशल मीडियावर दोन टोकाची मतं दिसतात. एका बाजूला 'त्यांच्यामुळे आमच्या पिढीला संस्कृती कळली' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'त्यांनी मुलांच्या डोक्यात जात आणि रंगाचे पूर्वग्रह भरले' म्हणणारे. यातलं खरं काय? थोडं सविस्तर बघू.

कोण होते अनंत पै?

जन्म १७ सप्टेंबर १९२९, कर्नाटकातल्या कारकळचा. आई-वडिलांचं छत्र अगदी लहानपणीच हरपलं. बाराव्या वर्षी ते मुंबईत आले आणि मग मुंबईचेच झाले. शिक्षण केमिकल टेक्नॉलॉजीचं, पण ओढा पुस्तकांकडे. १९५४ मध्ये 'मानव' नावाचं मुलांचं मासिक काढून बघितलं, ते चाललं नाही.

पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात गेले. १९६४ मध्ये तिथून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झालं. फँटम, म्हणजे आपल्याकडचा वेताळ, भारतीय मुलांच्या हातात पडला तो असा. कॉमिक कसं छापायचं आणि कसं विकायचं, हे पै इथे शिकले.

ती प्रश्नमंजूषा

१९६७ ची गोष्ट पै स्वतः अनेकदा सांगायचे. तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता. दिल्लीला गेले असताना त्यांनी दूरदर्शनवर मुलांची प्रश्नमंजूषा बघितली. ग्रीक देवांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी दिलं, पण रामाच्या आईचं नाव कुणाला सांगता आलं नाही.

कॉमिक मुलांना आवडतं हे पैंना माहीत होतंच. मग त्यात आपल्या गोष्टी का नकोत? इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मीरचंदानी पैसे घालायला तयार झाले. पैंनी लिहिलेला 'कृष्ण' १९६९ मध्ये आला आणि गाडी रुळावर आली.

पण 'कृष्ण'चा क्रमांक होता ११. मग आधीचे दहा अंक कुठले?

ते दहा अंक म्हणजे सिंड्रेलासारख्या पाश्चात्त्य परीकथा होत्या. इंडिया बुक हाऊसच्या बंगळुरू शाखेतले जी. के. अनंतराम यांनी १९६५ मध्ये कन्नडमध्ये 'अमर चित्रकथा' या नावाने त्या सुरू केल्या होत्या. म्हणजे नाव आणि मालिका आधीपासून होती. पैंचं श्रेय वेगळं आहे. त्या मालिकेची दिशा त्यांनी बदलली आणि पुढची कित्येक वर्षं ती नेटाने चालवली. 'अमर चित्रकथेचे जनक' म्हणताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

चित्रं कुणी काढली?

कॉमिकचा अर्धा जीव चित्रात असतो आणि इथे मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. पैंचा 'कृष्ण' रेखाटला राम वाईरकरांनी. पुढे 'टिंकल'मधला वेंधळा सुपंडी सगळ्यांच्या ओळखीचा झाला, तोही वाईरकरांच्याच हातचा. शिकारी शंभूची टोपी डोळ्यांवर ओढली ती वसंत हळबेंनी. ऐंशीच्या दशकातली 'महाभारत' मालिका दिलीप कदमांच्या चित्रांनी गाजली. प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेचे कितीतरी अंक काढले आणि नंतर राज कॉमिक्सचा नागराजही पहिल्यांदा कागदावर उतरवला.

लेखनातही पै एकटे नव्हते. कमला चंद्रकांत, सुब्बा राव यांच्यासारखे लेखक-संपादक सोबत होते. 'टिंकल' १९८० मध्ये निघालं, त्याची कल्पना सुब्बा राव यांची. पण मुलं पत्रं लिहायची ती अंकल पैंना. एकच चेहरा लोकांच्या लक्षात राहिला आणि बाकीचे मागे राहिले.

मग पैंचं खरं काम काय होतं?

निवड करणं. हजारो पानांच्या कथेतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणं. एका अंकाला पानं साधारण ३२. वाचणारं मूल आठ-दहा वर्षांचं. पालकांनी कॉमिक हातातून काढून घेता कामा नये आणि शाळेने ते वाचनालयात ठेवायला हवं.

त्या काळी कॉमिक म्हणजे पोरं बिघडवणारी वस्तू, असा समज होता. तो मोडायला पैंनी जिवाचं रान केलं. १९७८ मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणात चित्रकथेची भूमिका काय, यावर परिसंवादही झाला.

आपलं धोरण सांगताना पै एका संस्कृत सुभाषिताचा आधार घ्यायचे. खरं बोलावं, गोड बोलावं, पण कटू सत्य बोलू नये, असा त्याचा अर्थ. मुलांसाठी लिहिताना हे धोरण समजण्यासारखं आहे. अमर चित्रकथा घराघरांत गेली ती त्यामुळेच. आणि तिच्यावरची बरीच टीकाही इथूनच सुरू होते.

टीका नेमकी काय आहे?

पहिला मुद्दा रंगाचा. देव आणि राजपुत्र गोरे किंवा निळे, असुर मात्र काळे आणि बेढब. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात यातून काय बसत असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा बायकांचा. 'पद्मिनी', 'रणक देवी' यांसारख्या अंकांत जोहार किंवा सती जाणं शौर्य म्हणून येतं. मरण पत्करणारी बाई आदर्श ठरते.

तिसरा मुद्दा इतिहासाचा आणि जातीचा. पंजाबमधल्या वाल्मीकी समाजाच्या संघटनांनी 'वाल्मीकी' अंकाला विरोध केला, कारण त्यात वाल्मीकी आधी दरोडेखोर दाखवले होते. कुणाला ही साधी गोष्ट वाटेल, पण एका समाजासाठी तो दैवताचा अपमान होता. नंदिनी चंद्रा आणि कार्लीन मॅक्लेन या अभ्यासकांनी अमर चित्रकथेवर पुस्तकं लिहिली आहेत. 'भारतीय' म्हणून या मालिकेत जे येतं त्यात कुणाचा भारत दिसतो, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. याच मालिकेत अकबर आहे, चांदबिबी आहे, येशू ख्रिस्त आहे. १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक आला आणि त्यात अस्पृश्यतेचे चटके दाखवले आहेत. म्हणजे कटू सत्य कधी कधी आत आलं. पण 'कृष्ण'नंतर त्याला दहा वर्षं लागली.

एक तुलना

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ ते १९६६ इतका काळ त्यात गेला आणि १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. वेगवेगळ्या प्रतींत काय वेगळं आहे, ते पानाखाली नोंदवलं गेलं. 'एकच मूळ गोष्ट' असं सहज म्हणता येत नाही, हे त्या तळटीपा वाचल्या की कळतं.

ते काम संपलं त्याच्या पुढच्याच वर्षी पैंनी ती प्रश्नमंजूषा बघितली. त्यांच्या चित्रकथेत तळटीपांना जागा नव्हती. तशी ती असती तर मुलांनी अंक हातातही धरला नसता. पण मुलं मोठी झाली आणि तळटीप नसलेली गोष्ट हीच मूळ गोष्ट आहे, असं अनेकांना वाटत राहिलं. आज पुराणातल्या एखाद्या प्रसंगावरून कमेंटमध्ये भांडणं होतात, तेव्हा 'खरी गोष्ट अशी आहे' म्हणणाऱ्या कित्येकांचा आधार लहानपणी वाचलेला ३२ पानांचा अंक असतो.

मग पैंना कसं मोजायचं?

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीतल्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये पैंना जीवनगौरव पुरस्कार मिळाला. काही दिवसांतच, २४ फेब्रुवारीला, मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ८१.

ते महान संशोधक नव्हते आणि त्यांनी तसा आव आणल्याचंही दिसत नाही. ते अफाट ताकदीचे संपादक होते. गोष्ट कुठे तोडायची, कुठे थांबायचं आणि मुलाला पुढचं पान कसं उलटायला लावायचं, हे त्यांना अचूक कळायचं. त्यांच्या चुकाही संपादकाच्याच आहेत. त्यांनी जे गाळलं, ते एका पिढीला बराच काळ दिसलंच नाही.

म्हणून घरातले जुने अंक रद्दीत टाकायची गरज नाही. ते मुलांना जरूर द्या. फक्त वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा: यातला राक्षस काळाच का आहे? आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर ती कशी झाली असती?