कोरोनाने गेले की कोरोनात गेले?

कोरोनाच्या काळात लोक कसे वागले याबद्दल दोन ठरीव भाषणं आपण ऐकत आलो आहोत. पहिलं म्हणतं, लोक बेशिस्त होते. थाळ्या वाजवायला सांगितल्या तर मिरवणूक काढली, चाचणीला बोलावलं तर दारं लावून बसले. दुसरं म्हणतं, लोक भोळे होते, त्यांना घाबरवलं गेलं. हे बोलणारा स्वतःला मात्र ‘लोकां’तून सोयीने वगळतो. आणि दोन्हींत धरून चाललेलं असतं की लोकांपाशी नुसती प्रतिक्रिया होती, विचार नव्हता. आम्हांला तसं दिसत नाही. विचार होता; तो बोलण्यात होता, क्रियापदांत आणि विभक्तीच्या प्रत्ययांत होता. माणसं काय म्हणतात याच्या आधी कसं म्हणतात हे पाहायची तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला खोड असते. आज तेवढंच करू.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. मध्ये चार तास. या घटनेला आपण काय म्हणालो? ‘लॉकडाऊन लागला.’ आपल्याकडे ग्रहण लागतं, सुतक लागतं, साडेसाती लागते. लागणाऱ्या गोष्टीला कर्ता नसतो. ती सुटेल तेव्हा सुटेल, तोवर पाळायची. म्हणून आपण लॉकडाऊन ‘पाळला’. वाण्याकडच्या पिशव्या दाराबाहेर ठेवणं, बाहेरून आलं की थेट न्हाणीघर गाठणं, हे सोवळ्याच्या सवयीतून अंगात सहज उतरलं. त्या आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, आणि वारकऱ्यांनी तेही सोसलं. पण ज्यांची रोजची मजुरी बुडाली त्यांच्या तोंडी लवकरच दुसरं रूप आलं: लॉकडाऊन ‘लावला’. लावला म्हटलं की कोणी, हा प्रश्न आलाच. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरझडत्या झाल्या तेव्हा कर्ता शोधावा लागला नाही. शिपाई घरात शिरत होते आणि रँडचं नाव सर्वांना ठाऊक होतं. २०२० सालीही तो १८९७ चा साथरोगांचा कायदा वापरला गेला. कर्ता मात्र टीव्हीच्या पडद्यावर होता.

आता चाचणी. ताप येतो, गोवर उठतो, कावीळ होते. कोरोनाच्या बाबतीत मात्र माणूसच ‘पॉझिटिव्ह निघाला’. रक्तात मलेरिया निघाला असंही आपण म्हणतो, पण तिथे निघतो तो रोग. इथे माणूस निघतो. आणि माणूस काय निघतो? चोर निघतो, लबाड निघतो. क्वचित हुशारही निघतो, पण आत काहीतरी झाकलेलं होतं आणि ते उघड झालं, हा भाव तिथेही आहेच. त्यातून घराला पट्ट्या, दारावर फलक, रुग्णवाहिका आली की गॅलरीत उभी राहिलेली सगळी इमारत. ‘तपासलं की निघतो, म्हणून तपासूच नका’ या वाक्याला आपण पोट धरून हसलो. परंतु ज्याला तपासणीनंतर रुग्ण न मानता आरोपी मानलं जाणार आहे, त्याने तपासणी टाळणं हे त्याच्या जागी तर्काला धरूनच होतं. त्यात सुरुवातीला खासगी प्रयोगशाळेत चाचणीला ४,५०० रुपये पडत. जून २०२० मध्ये राज्याने ते २,२०० वर आणले.

आरोपीची भाषा आली की सुटकेचीही येते. ‘निगेटिव्ह आलो, सुटलो.’ अँटिजेन चाचणीत काही बाधित माणसं निसटतात हे माहीत असल्यामुळेच लक्षणं असूनही ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावी, अशी आयसीएमआरची सूचना होती. चाचणी सांगते ते इतकंच की अमुक वेळी घेतलेल्या नमुन्यात तमुक गोष्ट आढळली किंवा आढळली नाही. आढळली नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. आपल्या नैयायिकांनी अभावाचं ज्ञान कसं होतं यावर शतकानुशतकं वाद घातला, तो काही रिकामपणाचा उद्योग नव्हता.

मुंबईत जुलै २०२० मध्ये तीन विभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याची खूण मिळाली, इतर वस्तीत १६ टक्क्यांना. म्हणजे रोजच्या बातमीत जे ‘निघत’ होते त्यांच्या कितीतरी पट माणसांना रोग येऊन गेला होता, आणि कोणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. याच सुमारास अनेक सोसायट्या कामवाल्या मावशींना फाटकावर अडवत होत्या. विषाणू शहरात आला तो विमानाने, हे बहुधा तिथल्या सूचनाफलकावर लिहायचं राहून गेलं असावं.

पण या सगळ्याहून अवघड आहे तो मृत्यूचा प्रश्न, आणि आम्हांला खरं बोलायचं आहे ते त्याविषयी.

घरातला माणूस गेला, त्याला मधुमेह होता, वय सत्तर होतं, अहवाल पॉझिटिव्ह होता. शेजारी विचारतात, कशाने गेले? उत्तर येतं, ‘शुगर होतीच हो, कोरोना निमित्त झालं.’ हे उत्तर घरच्यांना सोयीचं होतं, कारण त्यात कलंक नव्हता. आकडा कमी दिसावा असं वाटणाऱ्यालाही ते सोयीचंच. इथे ‘निमित्त’ शब्दाची काय गत झाली पाहा. न्यायशास्त्रात निमित्तकारण हे पूर्ण वजनाचं कारण आहे. घड्याला माती लागते, तसा कुंभार लागतो, दांडा आणि चाकही लागतं. ही निमित्तकारणं नसतील तर माती वर्षानुवर्षं मातीच राहील. बोलीत मात्र निमित्त म्हणजे सबब, नावापुरतं काहीतरी. शास्त्रात ज्याच्यावाचून कार्य घडत नाही ते, आणि बोलीत ज्याच्यावाचूनही घडलंच असतं ते. मधुमेहाचा माणूस गोळ्या घेत, सकाळी बागेत फिरत आणखी दहा वर्षं जगला असता. त्याच्या मृत्यूत कोरोना निमित्त होता हे शास्त्राच्या अर्थाने अगदी खरं, आणि बोलीच्या अर्थाने साफ खोटं.

गंमत अशी की वैद्यकातला नियम इथे शास्त्राच्या बाजूने आहे. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात दोन भाग असतात. पहिल्यात साखळी लिहायची: शेवटी श्वास थांबला, तो न्यूमोनियामुळे, न्यूमोनिया कोरोनामुळे. ज्या रोगापासून साखळी सुरू झाली ते मूळ कारण. मधुमेह, रक्तदाब वगैरे दुसऱ्या भागात, हातभार लावणारे म्हणून. आयसीएमआरने २०२० मध्येच सांगितलं होतं की सहव्याधींना मूळ कारण समजू नये. तरी नोंदी घसरल्या. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या यादीत आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम घालावे लागले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले. आणि हे दाखला मिळालेल्यांचं झालं. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकालाच वैद्यकीय कारणाचा दाखला मिळतो. घरी, शेतावर गेलेल्याचं कारण लिहिणार कोण?

मग ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पुढे वारसांना ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. चाचणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू कोरोनाचा धरायचा. त्या मुदतीतली आत्महत्याही मदतीला पात्र. दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारायची नाही. कारणाचा प्रश्न असा कॅलेंडरने सोडवला गेला. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्याने नाक मुरडावं असा हा उपाय, पण वर्षभराच्या शब्दच्छलापेक्षा तो माणुसकीचा होता. महाराष्ट्रात तेव्हा अधिकृत मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते आणि अर्ज आले दोन लाखांहून जास्त. त्यांत काही दुबार असतील, काही अपात्र असतील. तरी कालपर्यंत ‘निमित्त झालं’ म्हणणारी घरं आता कागद घेऊन रांगेत उभी होती. पैशासाठी बदलले, असं कुणी म्हणेल. आम्हांला वाटतं, कलंकाचा भाव उतरल्यावर खरं बोलणं परवडू लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दोन वर्षांच्या जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला, अधिकृत आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास असताना. सरकारने ती गणिती पद्धत अमान्य केली. तो वाद संख्याशास्त्राचा आहे, त्यात आपण शिरायला नको. पण ‘जादा मृत्यू’ ही कल्पना नीट समजून घेऊ. एरवी जेवढी माणसं गेली असती त्याहून जास्त किती गेली, एवढंच ती विचारते. प्रत्येकाचं कारण ती विचारत नाही. डायलिसिसला गाडी मिळाली नाही म्हणून गेलेला, खाट मिळाली नाही म्हणून दुसऱ्याच आजाराने गेलेला, सगळे तिच्यात येतात.

आणि आता आपलं बोलणं ऐका. दोन-चार वर्षं लोटल्यावर आपण काय म्हणू लागलो? ‘आमचे काका कोरोनात गेले.’ तृतीया सुटली, सप्तमी आली. जुनी माणसं प्लेगात गेले म्हणत, १९१८ च्या इन्फ्लुएंझाला मानमोडी म्हणत आणि मानमोडीत गेले म्हणत; दुष्काळात गेले म्हणत. ‘दुष्काळाने’ कुणी म्हणत नाही, कारण दुष्काळात माणूस भुकेने, तापाने, पटकीने, कशानेही जातो. संख्याशास्त्रज्ञ ज्याला जादा मृत्यू म्हणतात त्याच्या अगदी जवळ जाणारं काहीतरी मराठी माणूस एका प्रत्ययात बोलतो.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी माणसं, चालत निघाली होती. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवर निजली. रुळांत पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांची चाचणी झाली असती तर कदाचित निगेटिव्ह आली असती. तृतीयेच्या हिशेबात ते रेल्वेने गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत विचारलं गेलं, घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? उत्तर मिळालं, अशी माहिती उपलब्ध नाही. प्रश्न पुरवणारा रकानाच कुठल्या नोंदवहीत नव्हता.

वेळ झाली. कुणाला विचारायचं असेल तर विचारा.