‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यावर पुढे काय? घरपोच हॉस्पिस सेवा कशी चालते?

नाशिकमधले अनेक कॅन्सर रुग्ण उपचारांसाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. आजार फार पुढे गेला असेल, तर एक दिवस डॉक्टर सांगतात, ‘आता घरी घेऊन जा.’ घरच्यांना वाटतं, सगळं संपलं. पण आजारावरचे उपचार थांबले, तरी त्रासावरचे उपचार थांबवायचे नसतात. घरपोच हॉस्पिस सेवा इथेच कामाला येते.

हॉस्पिस म्हणजे काय?

आजार बरा होणार नसेल, तेव्हा उरलेले दिवस कमीत कमी त्रासात जावेत यासाठीची ही सेवा. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं. त्यांचं पथक घरीही जातं.

घरी येऊन काय करतात?

डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक वेदना, धाप, उलट्या, बद्धकोष्ठता यांवर औषधं ठरवतात, जखमेचं ड्रेसिंग करतात. घरच्यांनाही शिकवतात: कूस कशी बदलायची, तोंड ओलं कसं ठेवायचं, रात्री दुखणं वाढलं तर कोणता डोस द्यायचा. शेवटच्या दिवसांत भूक मंदावते. तेव्हा ‘दोन घास तरी खा’ म्हणून बळेच भरवलं, तर ठसका लागू शकतो.

मॉर्फिनची भीती खरी आहे का?

तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य डोस घेतल्यास ते मृत्यू लवकर आणत नाही. भारतात कडक कायद्यामुळे ते मिळणं अवघड होतं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले.

कुटुंबाचं काय?

रुग्णाला खरं कसं सांगायचं, रात्री जागायच्या पाळ्या कशा लावायच्या, यावरही पथक बोलतं. मृत्यूनंतरही विचारपूस करतं.

नाशिककरांनी कुठे विचारायचं?

डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून पॅलिएटिव्ह केअरसाठी चिठ्ठी आणि अडचणीला फोन कुणाला करायचा, हे लिहून घ्या. मग जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. गावात असाल, तर आशाताईंशी बोला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या ठरलेल्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअरही आहे. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. सेवा जितकी लवकर सुरू होते, तितके बऱ्या अवस्थेतले दिवस जास्त मिळतात.