डोक्यातली गाठ : ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

डोकं दुखलं की गाठच असते असं नाही. बहुतेक डोकेदुखी साधीच असते. पण सकाळी उठताना डोकं ठणकतं, सोबत उलटी होते आणि दुखणं दिवसागणिक वाढतं. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट येते. एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो किंवा बोलताना शब्द सापडत नाहीत, तर लगेच मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावण्यात जातात त्या दिवसांत गाठ थांबत नाही.

मोठ्यांमधली सगळ्यात वाईट गाठ ग्लायोब्लास्टोमा. ऑपरेशनमध्ये दिसते तेवढी काढतात, पण तिचे धागे मेंदूत उरतात. म्हणून पुढे किरणोपचार, आपण ‘लाइट’ म्हणतो तो. साधारण 30 वेळा, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या लाइटवर दोन वर्षं जगणारे शंभरात 10 होते, गोळी जोडल्यावर 26 झाले. आज वीस वर्षांनंतरही सुरुवात याच गोळीने होते. म्हणून नवं संशोधन हवं, हे आपणही बोललं पाहिजे.

आपली घरं अडतात ती या सहा आठवड्यांत. टाके निघाले की पेशंट गावी जातो आणि परत येत नाही. वॉर्डात मी हे खूप पाहिलं. ऑपरेशन, लाइट महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होऊ शकतं. रेशन कार्ड, आधार घेऊन पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला भेटा. पण राहायचं कुठं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे. रेल्वेत उपचाराला जाताना स्लीपरमध्ये कॅन्सर पेशंटला तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते.

जिथं लाइटचं मशीन, तिथं राहायची सोय, ही मागणी नगरसेवक-आमदारांकडे लेखी द्या. डॉक्टरांना विचारा, “आमच्या पेशंटसाठी एखादी ट्रायल चालू आहे का?” समजल्याशिवाय सही करू नका. नको म्हटलं तरी नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.