पडद्यावरची हुमणी



आपले सभासद पुष्कळ गावांत विखुरलेले. प्रत्येकाच्या बांधावर जाऊन सांगायचे म्हटले, तर आमच्या चिटबॉयना हंगाम पुरायचा नाही. म्हणून कोणताही मोठा व्यवसाय चित्राचा आणि आवाजाचा आधार घेतो. बियाणे कंपन्या बाजाराच्या दिवशी गाडीवर पडदा लावतात. वजनकाट्यावर बैलगाडीवाल्याला दिसेल असा मोठा आकडा लावलेला असतो, तोही यातलाच प्रकार.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे ‘आमची माती, आमची माणसं’ पाहायला एका संचापुढे सारी आळी बसायची, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पण दूरदर्शनला साऱ्या महाराष्ट्राला एकच गोष्ट सांगावी लागते. कारखान्याचे तसे नाही. कोणत्या गटात हुमणी आहे हे आम्हांला ठाऊक असते.

हुमणीचेच उदाहरण घेऊ. ऊस पिवळा पडला की आपण म्हणतो, पाणी कमी पडले, आणि वर युरिया टाकतो. खाली मुळ्याच राहिलेल्या नसतात. ठोंब ओढला तर सहज हातात येतो. जमिनीखालचे हे काम शब्दांनी कितीही सांगा, पटत नाही. पडद्यावर मात्र वर्षाचे चक्र चार मिनिटांत दिसते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. मग मादी जमिनीत साठाच्या आसपास अंडी घालते आणि ऑगस्टपासून मोठी अळी मुळ्या फस्त करते. म्हणजे मारायची वेळ त्या चार-आठ संध्याकाळचीच. ती चुकली की पुढे खर्च जास्त आणि गुण कमी.

इथे चित्राचे काम संपते, आवाजाचे सुरू होते. पाऊस पडला त्याच दिवशी देवळावरच्या कर्ण्यातून पुकारा झाला पाहिजे, ‘आज सात वाजता झाडाखाली या, फांद्या हलवायच्या, भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे.’ एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरचा भुंगेरा आपल्याच सरीत अंडी घालतो.

आता आमची चूक सांगतो. गेल्या साली आम्ही मेटारायझियम बुरशीची चित्रफीत मोबाईलवर पाठवली. कोणीतरी ती अर्ध्यावर कापून पुढे ढकलली. बुरशी शेणखतात मिसळून द्या, एवढेच लोकांपर्यंत गेले. तिच्याबरोबर बुरशीनाशक देऊ नका, हे शेवटी होते. एका सभासदाने दोन्ही एकत्र दिले. बुरशीनाशकाने बुरशीच मारली, आता बोला! पैसे गेले, ऊसही गेला. दोष त्यांचा नाही, सावधगिरीची सूचना शेवटी ठेवणाऱ्या आमचा. आता सूचना आधी येते आणि चित्रफितीच्या सुरुवातीलाच महिना व साल बोलून सांगतो, म्हणजे जुनी फीत भलत्या महिन्यात कोणी खरी धरणार नाही.

आणखी एक. खुरपताना अळी पहिल्यांदा दिसते ती बायकांना, आणि मोबाईल असतो चावडीवर बसलेल्या कारभाऱ्याच्या खिशात! म्हणून मोबाईल कितीही सोयीचा असला तरी देवळाच्या सभामंडपातला पडदा आम्ही सोडणार नाही. तिथे मध्येच दिवे लावून विचारता येते. शेणकिडा आणि हुमणी यांतला फरक तर डब्यात दोन्ही समोर ठेवल्याशिवाय कळतच नाही.

वळवाआधी आमची गाडी प्रत्येक गटात येईल. वीज नसली तरी जनित्र बरोबर आहे. घरातल्या बायकांना जरूर आणा. आपल्या वाडीतल्या कोणत्या झाडांचा पाला गेल्या साली भुंगेऱ्यांनी खाल्ला, ते आठवून या. त्या झाडांची यादी पडद्यावर मांडून कोणत्या झाडाखाली कोण उभे राहणार, हे त्याच रात्री ठरवायचे आहे.

— ऊस विकास अधिकारी