पैसे ॲपात नसतात, बँकेत असतात



जेटीवर आता बरेच व्यवहार मोबाईलवर होतात. मासळी गाडीत चढते, व्यापारी म्हणतो "माझे कापले गेले", आणि आपल्या खात्यात काहीच नाही. मग पैसे गेले कुठे?

फोनपे, गुगल पे यांवरून यूपीआय करताना पैसे ॲपात साठत नाहीत. ॲप फक्त निरोप्या. व्यापाऱ्याने पिन टाकला की निरोप ॲपच्या भागीदार बँकेकडे जातो, तिथून एनपीसीआयच्या यूपीआय यंत्रणेत. ही यंत्रणा व्यापाऱ्याच्या बँकेला पैसे कापायला आणि आपल्या बँकेला जमा करायला सांगते. यातली एक जरी कडी अडकली की व्यवहार लटकतो.

मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा तिच्या आधारावर चालणारे फोनपे बंद पडले. पण ज्यांची खाती दुसऱ्या बँकांत होती, त्यांचे पैसे जागच्या जागी होते. निरोप्या थांबला होता, तिजोरी नव्हे.

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेले पाहिजेत. दुकानदाराच्या क्यूआरवर ही मुदत 5 दिवस. उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई. पण लक्षात घ्या, हे पैसे परत जातात पाठवणाऱ्याकडे. म्हणजे मासळीही गेली आणि पैसेही त्याच्याकडेच!

म्हणून एवढे करा:

• स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो बनवताही येतो. आपल्या बँकेच्या ॲपात जमा दिसल्यावरच गाडी सोडा.

• अडकलेल्या व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर लिहून घ्या. बँकेत तोच विचारतात. पैसे ज्याचे कापले, त्याला आधी ॲपात आणि मग त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा.

• दुकानदार म्हणून घेतलेल्या क्यूआरचे पैसे काही वेळा आधी मधल्या कंपनीच्या बँक खात्यात जातात आणि नंतर आपल्याकडे येतात. कधी येणार ते क्यूआर घेतानाच विचारा. डिझेल-बर्फाचे बिल त्या हिशोबाने ठरवा.

• पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी मागितला तर फसवणूक समजा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांनाही हे वाचून दाखवा. काही अडले तर यूटीआर नंबर घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या, अर्ज लिहायला आम्ही मदत करू.