दापोडीच्या उद्यानात खुला रंगमंच मागताना

मुळा-पवना संगमाजवळच्या दापोडीत रेल्वे आहे, मेट्रो आहे, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. नाटकासाठी मात्र सांगवीचे निळू फुले किंवा पिंपरीचे अत्रे रंगमंदिर गाठावे लागते. शाळेच्या बालनाट्याला किंवा भजनी मंडळाला एवढे मोठे सभागृह लागतच नाही; उद्यानातला चौथरा आणि चार-पाच पायऱ्या पुरतात.

मागणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यावी, प्रत उद्यान विभागाला. सोबत नकाशा हवाच, कारण जागेवरच सगळे अडते. नदीकाठी पूररेषा आधी तपासावी. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम मागू नये. प्रेक्षकांची तोंडे पश्चिमेला नकोत, संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येते. रुळांपासून जितके लांब, तितके बरे.

खरा वाद आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री 10 नंतर उघड्यावर तो सहसा बंदच. मुंबईच्या धोबी तलावाचे खुले रंगभवन एकेकाळी मैफलींनी गाजले, पण शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि तिथल्या मैफली थांबल्या. त्यामुळे शाळा-दवाखान्यापासून 100 मीटर अंतर सोडूनच जागा सुचवावी.

अर्जात एक ओळ विसरू नका: झाडलोट, दिवे आणि तारखांची नोंदवही कोण सांभाळणार. वर्धापनदिनाचे फलक लावायला चौथरा हवा असेल, तर अर्ज न केलेलाच बरा.